पायरी आत घेतला का?

लिंकनशरपासून समुद्र उजव्या हाताला ठेवून थेट स्कॉटलंडच्या टोकापर्यंत आम्ही मोटरहोम घेऊन जाणार आहोत असं कळल्यावर नॉटिंगहॅमच्या आमच्या मराठी मंडळातल्या चौघांनी मला वेगवेगळ्या वेळी एकच गोष्ट सांगितली. तिकडे बघण्यासारखं काही नाही, नुसतं सपाट आहे. लेक डिस्ट्रिक्टला जा, निदान डोंगर दिसतील. एकाने असंही सांगितलं की प्रवासाने मन हलकं होतं. आमच्या गाडीचं वजन साडेतीन टन आहे. मी मान हलवली. रस्ता सपाट होता म्हणूनच निवडला गेला होता, आणि तो मी निवडला नव्हता, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

रस्ता निनादने निवडला होता. निनाद आमचा एकुलता एक मुलगा. रीडिंगला सॉफ्टवेअरमध्ये होता. मागच्या वर्षी फेब्रुवारीत सकाळी धावायला गेला आणि नदीकाठच्या बाकाजवळ पडला. हृदयात जन्मापासून काही दोष होता, तो छत्तीस वर्षं कुणाच्या लक्षात आला नाही. त्याच्या आईच्याही नाही, जिने तीस वर्षं इथल्या रुग्णालयात नर्सचं काम केलं. हे ती स्वतःच लोकांना सांगते, लोकांनी मनात म्हणायच्या आत.

दोन वर्षं शनिवार-रविवार खपून त्याने एक जुनं मोटरहोम आतून नव्याने बांधलं होतं. त्याची जोडीदार जोआना हिने ते आमच्या हवाली केलं. "ही गाडी त्याने तुमच्यासाठीच केली होती," ती म्हणाली. "रिटायरमेंटचं प्रेझेंट." डॅशबोर्डच्या खणात एक वही होती. सुनंदा, माझी पत्नी, मागे जाऊन पलंगाची गादी दाबून पाहत होती तेव्हा जोआना हलक्या आवाजात मला म्हणाली, "यातली पहिली दोन पानं त्याने तीन-तीनदा लिहिली."

ती दोन पानं मराठीत आहेत. इथे जन्मलेल्या मुलाचं देवनागरी. शिरोरेषा पट्टीने आखलेल्या, अक्षरं तिला लटकवलेली.

"आई बाबा, हा तुमचा गाडी आहे. घाबरू नका. सगळा रस्ता सपाट आहे. बाबाला चढ आवडत नाही. पाण्याचा टाकी डाव्या बाजूला आहे. निघायच्या आधी रोज विचारा. खिडकी बंद केला का? गॅस बंद केला का? पायरी आत घेतला का?"

निनादचं सगळं जग पुल्लिंगी होतं. गॅसच्या बाबतीत तो नशिबाने बरोबर ठरला.

तिसऱ्या पानापासून वही इंग्रजीत आहे. तीस-बत्तीस पानं, सुटसुटीत, नीट क्रमांक घातलेली.

"पुढे इंग्रजीत का लिहिलं असेल हो त्याने?" सुनंदाने विचारलं.

"दमला असेल," मी म्हणालो.

फेन्स

लिंकनशरचा दक्षिण भाग म्हणजे पूर्वीची दलदल. लोकांनी चर खणून पाणी बाहेर काढलं आणि जमीन मिळवली. आता ती काळी जमीन समुद्रापेक्षा खाली आहे आणि पाणी वर, बांध घातलेल्या कालव्यांतून वाहतं. गाडीतून बघताना पाणी डोक्यावरून चाललंय असं वाटतं. चर इतके सरळ आहेत की वहीच्या रेघांची आठवण होते. फ्लॉवरची शेतं संपत नाहीत. त्यांत वाकून पिवळ्या जाकिटातली माणसं फ्लॉवर कापत होती आणि पुढे एक ट्रॅक्टर चालण्याच्या वेगाने सरकत होता. आम्ही थांबलो तेव्हा त्यांच्यातल्या एका बाईने, पोलिश असावी, न विचारता एक फ्लॉवर सुनंदाच्या हातात दिला. पानांसकट. इथल्या दुकानांत पानं काढून टाकतात. सुनंदाने तो गड्डा मांडीवर घेऊन पुढचे दहा मैल काढले.

आपल्याकडे प्रवास म्हणजे कुणाकडे तरी उतरणं. माझ्या वडिलांनी आयुष्यात हॉटेलात पैसे दिले नाहीत, प्रत्येक गावात कुणीतरी आतेभाऊ होता. इथे लोक घरच पाठीवर घेऊन निघतात आणि कुणाकडेच उतरत नाहीत. मात्र रस्त्यात समोरून दुसरं मोटरहोम आलं की चालवणारा हात वर करतो. पहिल्या दिवशी सुनंदा प्रत्येकाला दोन्ही हातांनी उत्तर देत होती.

"ओळखीचे आहेत का?" मी विचारलं.

"तुम्हाला ओळखीच्यांना तरी कुठे हात करता येतो," ती म्हणाली.

संडासाचं एक लिहायला हवं, कारण कुणीच लिहीत नाही. गाडीतल्या संडासाखाली प्लास्टिकची पेटी असते आणि ती दर दोन दिवसांनी आपण स्वतः उचलून, कॅम्पसाइटच्या कोपऱ्यातल्या हौदात रिकामी करायची असते. तिथे रांग असते. रांगेत लोक आपापली पेटी हातात धरून हवापाण्यावर बोलतात. चाळीस वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी केलेला मी त्या रांगेत उभा राहिलो आणि मला आधीपासून तिथेच असायला हवं होतं असं वाटलं.

फ्लॉवरची भाजी करताना सुनंदाने फोडणी टाकली आणि धुराची घंटा किंचाळायला लागली. शेजारच्या तंबूतली माणसं बाहेर आली. मी वही उघडली. सातव्या पानावर क्रमांक चार: आईने फोडणीआधी छताची झडप उघडायची. सगळं वाक्य इंग्रजी होतं. 'फोडणी' एवढा एकच शब्द आपला, तोही रोमन अक्षरांत.

सुनंदाने ते वाक्य वाचलं, झडप उघडली आणि पाठ फिरवून बराच वेळ कांदा चिरत राहिली. कांदा भाजीत कधीच पडून गेला होता.

होल्डरनेस

हंबर नदीचा लांब पूल ओलांडला की एक असा सपाट प्रदेश लागतो जो दर वर्षी लहान होतो. जमीन चिकणमातीची, समुद्र खालून खातो. आम्ही उतरलो त्या कॅम्पसाइटच्या पलीकडे डांबरी रस्ता होता, मधली पांढरी रेघही शाबूत होती, आणि मग एके ठिकाणी रेघेसकट रस्ता संपून नुसती हवा होती. खाली तपकिरी लाटा.

साइट सांभाळणारा केन सत्तरीचा, गुडघ्यांवर चामड्याचे पट्टे बांधून फिरणारा. त्याने सुनंदाला पहिल्याच वाक्यात 'लव्ह' म्हटलं. "टाकी भरायची का, लव्ह?"

मी जरा ताठ झालो असणार, कारण ती मला मराठीत म्हणाली, "अहो, यॉर्कशरमध्ये लव्ह म्हणजे ताई. वॉर्डात मला दिवसातून पन्नास जण म्हणायचे."

केनने आम्हाला जागा दाखवली. समुद्राकडची पहिली रांग रिकामी होती. "ती दोन वर्षांपूर्वी तिसरी होती," तो म्हणाला. "दर हिवाळ्यात एक रांग मागे घेतो. समुद्राशी वाद घालत नाही."

तिथून निघायच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे चालकाच्या जागेवर बसून वही उघडली आणि तीन प्रश्न मोठ्याने वाचले. खिडकी. गॅस. पायरी. मग गाडी सुरू केली, पुढे घेतली, आणि उजवीकडून लोखंड दगडावर घासल्याचा, मग काहीतरी वाकल्याचा आवाज आला. दारातली पायरी बाहेरच होती. पाण्याच्या नळाशेजारच्या काँक्रीटच्या खुंटाला ती अडकली होती.

सुनंदा उतरून बघून आली. "तुम्ही वाचलंत ना? मी ऐकलं. मोठ्याने वाचलंत."

"वाचलं."

"मग?"

खोटं बोलायला वेळ होता. पायरीची मोटर बिघडली असेल, असं म्हणता आलं असतं आणि तिने मानलंही असतं. पण मला खरंच काय झालं ते ठाऊक होतं. वाचता वाचता मी मनात 'घेतला'चं 'घेतली' केलं होतं, आणि चूक दुरुस्त झाली म्हणजे काम झालं असं समजून किल्ली फिरवली होती.

हे मी तिला सांगितलं. एवढं सांगितल्यावर उरलेलं थांबेना.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन मी एकोणीस वर्षं केलं. वाचकांपैकी अनेकांनी माझी लाल शाई पाहिली आहे. त्याआधी रविवारच्या मराठी वर्गात मुलांना शिकवलं. निनाद त्या वर्गात दहा वर्षांचा होईपर्यंत आला. नंतर त्याला फुटबॉल लागला, असं आम्ही म्हणत आलो.

तो जायच्या चार महिने आधी त्याने मला फोनवर वहीच्या त्या दोन पानांचे फोटो पाठवले होते. वर लिहिलं होतं, 'आईला सांगू नका, सरप्राइज आहे.' आणि खाली एकच शब्द. 'बघा.'

बघा म्हणजे पाहा. पोरगं चित्र काढून आणतं आणि म्हणतं तसं. मी ते 'तपासून बघा' असं वाचलं. फोटो छापून घेतले, लाल पेनाने अकरा चुका काढल्या, खाली लिहिलं, 'विषय चांगला. लिंगाकडे लक्ष दे,' आणि त्या कागदांचे फोटो काढून त्याला परत पाठवले. मला आनंद झाला होता. इतक्या वर्षांनी त्याने माझ्याकडे मराठी आणलं होतं.

सुनंदा पायरीकडे बघत ऐकत होती.

"त्याने उलट काय लिहिलं?"

"काही नाही. अंगठा."

"थम्स-अप?"

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, दमला असेल."

मी वाकून खुंटात अडकलेली पायरी ओढून पाहिली.

"लग्न करून पुण्याला आले तेव्हा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, वॉर्डात रिपोर्ट देतात तसा, "मी एकदा म्हणाले, पाऊस येऊन राहिला. तुमच्या घरातले सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही मला आत बोलावून सांगितलंत, पाऊस येतो आहे, असं म्हणावं. प्रेमाने सांगितलंत. मी सहा महिन्यांत सुधारले. नागपूरला गेले तेव्हा माझी आई म्हणाली, कोणाच्या घरचं बोलून राहिली गं तू?" ती थांबली. "मी गप बसले आणि शिकले. तो गप बसला आणि इंग्रजीत गेला. एवढाच काय तो फरक."

तेवढ्यात केन हातोडा आणि लाकडाचा ठोकळा घेऊन आला. आमच्या चेहऱ्यांकडे त्याने एकदा पाहिलं आणि सरळ गुडघ्यांवर बसला. वीस मिनिटं तो ठोकत होता. मोटर गेली होती, पण पायरी हाताने ढकलली तर आत जात होती.

"वेल्डिंग कुणाचं?" त्याने विचारलं.

"आमच्या मुलाचं," सुनंदा म्हणाली.

"झकास काम केलंय पोराने. वाकली, पण तुटली नाही. त्याला सांगा."

"सांगते," ती म्हणाली.

एका अनोळखी माणसाला 'झकास' म्हणायला पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत.

वर, आणखी वर

यॉर्कच्या आसपासचा मैदानी भाग, मग नॉर्थम्बरलंडचा किनारा, मग सरहद्द. या पाच दिवसांबद्दल लोकांना सांगण्यासारखं खूप आहे. गव्हाची पिवळी शेतं, वाळूच्या टेकड्यांमागचा लांबच लांब रिकामा किनारा, धुरावलेली हेरिंग मासळी विकणारं एक काळंकुट्ट दुकान. सुनंदाने मासे खाणं निनादनंतर सोडलं आहे. तरी तिने मला दुकानात पाठवलं आणि स्वतः बाहेर वाऱ्यात उभी राहिली. "तुम्ही खा," म्हणाली. "मी वास घेते."

पण मला त्या पाच दिवसांतलं मुख्यतः तिचं बोलणं आठवतं. ती माझ्याशी अबोला धरेल असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते सोपं गेलं असतं. ती बोलत होती. पण नागपूरचं बोलत होती.

"ते बघा, मेंढ्या रस्त्यातच बसून राहिल्या."

"काय शोधून राहिले तुम्ही? चष्मा डोक्यावर आहे."

"काहून इतकं हळू? मागे दहा गाड्या थांबून राहिल्या."

बेचाळीस वर्षं मी ही भाषा ऐकली नव्हती. ती विसरली असेल असं मी धरून चाललो होतो. ती जशीच्या तशी होती, घडी न मोडलेल्या लुगड्यासारखी, आणि तिच्या तोंडात माझ्या पुणेरीपेक्षा शोभत होती. हे मला लग्नाच्या वर्षी दिसलं नाही. मी तिची भाषा शुद्ध करण्यात गुंतलो होतो.

रोज निघताना ती शेजारच्या जागेवर बसून पट्टा लावायची आणि विचारायची, "खिडकी बंद केला का? गॅस बंद केला का? पायरी आत घेतला का?" अगदी वहीतल्यासारखं. मी नुसती मान डोलवायचो. 'घेतली' म्हणण्याची हिंमत नव्हती आणि 'घेतला' माझ्या जिभेवर येत नव्हतं. अडुसष्टाव्या वर्षी माणसाच्या जिभेला वळण उरत नाही, फक्त सवय उरते.

स्कॉटलंडच्या अगदी वरच्या अंगाला एके ठिकाणी रस्ता दरीत उतरतो आणि तसाच उभा चढतो. तिथे पोचायच्या आधी तिने वहीतलं पान उघडून मोठ्याने वाचलं. इंग्रजीतच वाचलं. अर्थ असा: एकच वाईट चढ आहे, सॉरी. आई, बाबांशी बोलत राहा, म्हणजे ते घाबरणार नाहीत.

वाचून तिने वही मिटली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी उतार उतरलो. वळणावर गाडी जवळजवळ थांबली, मागून कुणीतरी हॉर्न दिला. ती बोलली नाही. अर्ध्या चढावर इंजिन गुरगुरायला लागलं तेव्हा म्हणाली, "दुसऱ्यात टाका." बस, एवढंच. वर आल्यावर तिने वही उघडून पुढचं पान उलटलं.

केथनेस

ब्रिटनच्या नकाशाचा वरचा उजवा कोपरा. डोंगर संपतात आणि पुन्हा सगळं सपाट होतं, जसं काही कुणी वचन दिलं होतं. झाडं नाहीत. कुंपणंसुद्धा लाकडाची नाहीत; जमिनीतून निघणाऱ्या दगडाच्या सपाट फरश्या उभ्या पुरून एकीला एक लावलेल्या, मैलन् मैल. आत कुजलेल्या शेवाळाची दलदल आणि तिच्यात काळ्या पाण्याची डबकी, आकाशाचे तुकडे पडल्यासारखी. वारा थांबत नाही. पाहायला गेलं तर काही नाही, आणि मी पुन्हा जाऊन पाहत राहीन अशी ती जागा आहे.

आम्ही तिथे तीन दिवस राहिलो. दोन दिवस सुनंदा गाडीतल्या लहान टेबलाशी बसून लिहीत होती. निनादची वही तिच्यापुढे, मागची कोरी पानं उघडी. शिरोरेषा ती पट्टीने आखत होती. मी चहा ठेवायचो आणि बाहेर फरशांच्या कुंपणाशी जाऊन उभा राहायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सामान आवरून झाल्यावर तिने वही माझ्यापुढे धरली.

"बघा," ती म्हणाली.

माझ्या शर्टाच्या खिशात पेन असतं, नेहमीच असतं. ते लाल होतं की निळं हेही मी पाहिलं नाही.

तिने तिसऱ्या पानापासूनचं त्याचं इंग्रजी मराठीत लिहून काढलं होतं. क्रमांक तेच. पण मराठी तिचं नव्हतं, माझंही नव्हतं. त्याचं होतं. "आई, फोडणीच्या आधी वरचा झडप उघड." "रात्री बॅटरी चार्ज झाला का बघा." "एकच वाईट चढ आहे. बाबाला सांग, गाडी चांगला आहे, तो वर जाईल." तीस पानांत तिने स्वतःची एकही शुद्ध वेलांटी येऊ दिली नव्हती. इतक्या चुका ठरवून करायला किती नीट ऐकलेलं असावं लागतं. छत्तीस वर्षं ती त्याचं बोलणं ऐकत होती, आणि त्याच वर्षांत मी ते तपासत होतो.

मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. ती उभीच होती, वाट बघत.

"छान लिहिलंय," मी म्हणालो.

"हे तेव्हा म्हणायचं होतं," ती म्हणाली. वही माझ्या हातातून घेऊन तिने खणात ठेवली, खण बंद केला आणि आपल्या जागेवर जाऊन पट्टा लावला. खिडकी विचारली. गॅस विचारला. मग मला विचारायचं ते विचारलं आणि समोर बघत राहिली.

या अंकाचं मुद्रितशोधन यंदा दुसऱ्या कुणाकडे आहे. त्यांना माझी एक विनंती आहे: पुढचं वाक्य आहे तसं राहू द्यावं.

मी खाली उतरलो आणि पायरी आत घेतला.